लाभ म्हटलं की पाय उचलायचा

विजूचा, म्हणजे माझ्या धाकट्या मेहुण्याचा, धुळ्याहून फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "दाजी, नाना थांबले," तो म्हणाला. आणि मी, एका गालावर फेस घेऊन, वर्गात पोरांवर ओरडतो तसा ओरडलो, "अरे, मग मला काय फोन करतोस? लाभ म्हण! मोठ्यानं म्हण!" तो म्हणाला, "तसे थांबले नाहीत हो, दाजी." आमच्या घरात तीन वर्षं 'नाना थांबले' याचा एकच अर्थ होता: माझे सासरे चालता चालता दारात अडकलेत आणि कुणीतरी त्यांचे पाय सुरू करून द्यायला हवेत. त्या शब्दाचा दुसरा अर्थ, जो सगळ्या जगाला ठाऊक आहे, तो मला मेहुण्यानं रडत रडत समजावून सांगितला. सहा आठवडे झाले, अजून दाढीला बसलो की माझी मलाच लाज वाटते.

नाना धुळ्याच्या बाजारात तोलारी होते. ज्वारी, बाजरी, शेंगा... पोतं काट्यावर चढलं की मोजणीची हाक त्यांची. आपल्याकडे माल मोजताना पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. नाना तो शब्द असा लांबवायचे, की 'लाऽऽभ' सुरू होताना पोतं हमालाच्या पाठीवर असायचं आणि संपताना काट्यावर. मग 'दोऽऽन', मग 'तीऽऽन'. हमालांचे पाय त्या हाकेवर पडायचे. अशा माणसाला जावई मिळालो मी! आरतीत माझी टाळी बाकीच्यांच्या दोन टाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते. माझ्या वरातीत माझ्यापेक्षा घोडी तालात होती. नानांनी त्याच दिवशी माझ्यादेखत आपल्या अहिराणीत निकाल दिला होता, "जावई चांगला शे, पन ताल नही शे."

मग नानांना कंपवात झाला. हात थरथरतात हे आम्हाला समजत होतं, पाय अडकतात हे समजेना. सपाट फरशीवर ठीक चालणारे नाना दाराच्या चौकटीत आले की खिळा ठोकल्यासारखे उभे. ताकद आहे, मन आहे, पाऊल नाही. "पाय मना शे, पन मनं आयकत नही," असं म्हणून ते स्वतःच्या पायाकडे एखाद्या कामचुकार हमालाकडे बघावं तसे बघत. डॉक्टरांनी समजावलं, की पुढचं पाऊल नेमकं केव्हा टाकायचं ही वेळ मेंदू आतल्या आत धरत असतो, आपल्याला पत्ताही नसतो. या आजारात ती आतली वेळच ढिली होते. पण कानावर एकसारखा ठेका पडला, तर पुढचा ठोका कधी येणार याचा मेंदू अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावर पाय उचलतो. ही वाट वेगळी, आणि बऱ्याचदा शाबूत असते. "बाहेरून ठेका देत जा," डॉक्टर म्हणाले. मी मास्तर माणूस, मला सगळं कळलं. म्हणजे आता सोपंच!

कसलं सोपं. मी मोबाइलवर टिकटिक लावून दिली. नाना म्हणाले, "जावईबापू, हाई बंद करा, मना जीव घाबरस." मी टाळ्या वाजवल्या. नाना जास्तच अडकले. "तुम्हनी टाळी धरी चालनू ते मी पडसू." विजू हसला, मी चिडलो. दर दुसऱ्या रविवारी जळगावहून एसटीनं धक्के खात यायचं आणि एका म्हाताऱ्याला चार फूट चालवता येऊ नये! शेवटी वैतागून मी नुसते आकडे म्हणायला लागलो, "चला नाना, एक..." तर दारात पुतळा झालेला माणूस माझ्यावर खेकसला, "एक नही म्हनतस! लाभ म्हनतस!" आणि ते 'लाऽऽभ' त्यांनी स्वतःच ओढून म्हटलं... तसा उजवा पाय उंबरा ओलांडून पलीकडे पडला. त्या दिवशी ते खाटेपासून ओट्यापर्यंत चालले, बावीस मोजून. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बठ्ठा माल उतरी गया," म्हणजे सगळा माल उतरला.

पुढे त्यांचा आवाज खोल गेला, तेव्हा हाक आम्हाला द्यावी लागे. त्यांची अट एकच होती: मला उचलायचं नाही. किती का वेळ लागेना, मी माझ्या पायानं जाईन. अट मान्य करायला सोपी होती, पाळायला नाही. हाक हळू द्यावी लागते. घाईनं दिली की ती ठेका राहत नाही, ओरडा होतो. विजूला दुकान उघडायचं असे. माझी बायको आठ-आठ दिवस तिथं राहायची, तिला स्वयंपाक, कपडे, औषधं. डॉक्टरांनी मेंदूचं सगळं सांगितलं, पण ठेका देणाऱ्याकडे फुरसत लागते हे नाही सांगितलं. की सांगितलं होतं, आणि मी टिकटिक शोधण्यात गुंतलो होतो?

शेवटच्या भेटीत नाना न्हाणीच्या दारात अडकले. माझी गाडी सुटायला वीस मिनिटं. मी लाभ म्हटलं, दोन म्हटलं, सातपर्यंत गेलो. टाच उचलल्यासारखी वाटली, पण मी घड्याळ बघितलं... आणि त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं, खाटेवर आणून ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, आते मी पोतं व्हई गऊ." मी गाडी पकडली. मला खिडकीची जागाही मिळाली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तेरावं उरकून जळगावला परतलो, त्यानंतर एका दुपारी बायको मेथी निवडत बसली होती, तिला सांगून टाकलं. मी सातलाच उचललं गं, आठ म्हणायला हवं होतं. एक जुडी संपली, तिनं दुसरी सोडली. मग मान वर न करता म्हणाली, "तुम्ही सातपर्यंत तरी गेलात. मी लाभ म्हणायचे, दोन म्हणायचे, आणि तीनच्या आधीच उचलायचे. मला वाटायचं, मी उचललेलं त्यांना चालेल."