हॉलंडच्या घरासाठी मी लिहिलेलं पत्र

या धाग्यावर येऊन पुरावा मागणारी मीच. जुन्या वाचकांना आठवत असेल - कुणी चकव्याचा अनुभव लिहिला की मी खाली दहा प्रश्न टाकायचे. वेळ काय होती, साक्षीदार कोण, काय खाल्लं-प्यायलं होतं. दोघातिघांनी माझ्यामुळे इथे लिहिणं सोडलं. त्यांची आधी माफी मागते. आज माझ्याकडे वेळ आहे, साक्षीदार आहेत, आणि सांगायला तोंड नाही.

माझ्या घरात असल्या गोष्टींना जागाच नव्हती. आम्ही रत्नागिरीच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. अब्बा शाळामास्तर आणि पत्रकं काढणारे. ताईत-गंडे, हुंडा, मुलींची शाळा... दर महिन्याला नवीन विषय. अब्बा लिहायचे आणि अम्मी त्याच्या घड्या घालायची. बाजाराच्या दिवशी मी ती एसटी स्टँडवर वाटायचे. अब्बा गेल्यावर पत्रकं मी लिहायला लागले. त्यातलं एक म्हाताऱ्या आईबापांबद्दल होतं. 'आईला कुठे ठेवायचं हा प्रश्नच निर्लज्ज आहे' असं त्याचं पहिलं वाक्य. लोकांनी ते फार शेअर केलं होतं.

आता मी मस्कतला अल् खुवैरमध्ये एका ऑफिसात जाहिरातींचा मजकूर लिहिते आणि दोन मुलींबरोबर फ्लॅट शेअर करते. माझा मोठा भाऊ इम्तियाझ सोहारला पोर्टजवळच्या प्लँटमध्ये इंजिनिअर होता. त्याला आम्ही भाई म्हणतो. भाई, नाझनीन भाभी, त्यांची आठ वर्षांची अलिना आणि अम्मी अशी चौघं तिथे दुसऱ्या मजल्यावर राहायची. दर गुरुवारी ऑफिस सुटलं की मी दोनेक तास गाडी चालवत त्यांच्याकडे जायचे.

गेल्या वर्षी भाईला हॉलंडमध्ये नोकरी लागली. तिथल्या उत्तरेकडच्या एका बंदरात. बंदरापासून वीस मिनिटांवरचं एक गाव त्याने नकाशावर हेरून ठेवलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे माणसं राहतात. एक चर्च, एक कालवा, शंभरेक घरं आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तिथलं एक विटांचं दुमजली घर विकायला होतं. मालक ऐंशीच्या पुढचे, एकटे. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली.

मार्चमध्ये एका शुक्रवारी एजंट बाईंनी फोनवरून आम्हाला ते घर फिरवून दाखवलं. स्वयंपाकघराला रस्त्याकडे तोंड असलेली मोठी खिडकी होती. खिडकीला पडदा नव्हता. तिथे एक लाकडी खुर्ची, रस्त्याकडे तोंड करून. मालकांची बायको शेवटची काही वर्षं सकाळपासून तिथेच बसायची म्हणे.

"पडदे नायत?" अम्मीने मागून विचारलं. "येणारा-जाणारा घरात बघत असेल."

भाभी हसून म्हणाली की तिकडे तशीच पद्धत आहे, कुणी बघत नाही. "मग काच कशाला एवढी मोठी," अम्मी म्हणाली आणि बांगडे साफ करायला आत गेली.

हॉलंडमध्ये घर घ्यायचं तर बंद पाकिटातल्यासारखी बोली द्यावी लागते, दुसऱ्याने किती दिली ते कळत नाही. त्याबरोबर बरेच लोक मालकाला पत्र लिहितात - आम्ही कोण, हे घर आम्हाला का हवं. एजंट बाई म्हणाल्या की इथे पत्र महत्त्वाचं आहे, कारण मालक एकूण एक पत्र वाचतात. शहरातल्या एका जोडप्याला हे घर सुट्टीसाठी हवं होतं आणि त्यांची बोली मोठी असणार होती. पण मालकांना घर बंद राहायला नको होतं. त्या खिडकीत कुणीतरी बसावं एवढीच त्यांची इच्छा होती.

भाई म्हणाला, "शब्बो, पत्र तू लिही. परक्या माणसाला रडवायचं म्हणजे तुझंच काम."

पहिला खर्डा मी खरा लिहिला. भाईचं काम, अलिनाची शाळा, भाभीची झाडं. वाचला तर बँकेला केलेल्या अर्जासारखा वाटला. मग मी लिहिलं की आमची आई आमच्याबरोबर असेल. खालची खोली तिची असेल, आणि रोज सकाळी ती तुमच्या पत्नीच्या खुर्चीवर, त्याच खिडकीत बसेल.

खरी गोष्ट अशी होती की अम्मीचं मुंबईचं तिकीट तेव्हा काढून झालं होतं. एकाच बाजूचं. आईला तिकडे न्यायचा व्हिसा मिळणं जवळजवळ अशक्य आहे असं भाईला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने एकदाही अर्ज करून पाहिला नव्हता. तिला माझ्याकडे ठेवता येईल का, असं भाभीने मला विचारलं होतं. मी म्हणाले, शेअरिंगचा फ्लॅट आहे, कसं जमणार. दुसरा फ्लॅट बघता आला असता. पण शुक्रवारी दुपारपर्यंत झोपायची मला सवय लागली होती, आणि 'कुठे निघालीस, कधी येशील' विचारणारं कुणी नको होतं. हे मी पहिल्यांदाच लिहितेय. गावी आमच्या घरात कुणीही नाही. अम्मीला आम्ही एवढंच सांगितलं होतं की आधी तू जा, मग बघू. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

पत्र मी हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. इंग्रजीतच. भाभीच्या डोळ्यांत पाणी आलं. भाई म्हणाला, खलास, घर आपलं. अम्मीला त्यातलं काही कळलं नाही म्हणून तिने अलिनाला विचारलं. अलिनाला मराठी अडखळत येतं. ती म्हणाली, "दादी, तू पण येनार. तू विंडोमधे बसनार. चेअर पण आहे तुला."

अम्मीने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपमध्ये बघत राहिले. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

थोड्या वेळाने ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "थंडी असते ना गो तिकडं? माझं स्वेटर गावाकडंच हाय." मी म्हणाले, हो, असते थंडी. बस, एवढंच.

बोली मंजूर झाली. जास्त बोलीवाल्या जोडप्याला मालकांनी नाही म्हटलं होतं. कारण पत्र. एप्रिलमध्ये करारावर सह्या झाल्या, आणि मालकांना आमच्याशी एकदा बोलायचंय असा एजंट बाईंचा निरोप आला. शुक्रवार ठरला - आमचे दुपारचे तीन, तिकडचा एक.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारबद्दल आधी सांगते. भाभीने मला ते त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, म्हणजे नंतर जुळवलेलं नाही. दुपारी दोनला अम्मी नमाज पढून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. भाभीने जेवायला हाक मारली तर उत्तर नाही. डोळे उघडे, श्वास नीट, पण हलवलं तरी इथे नसल्यासारखी. अर्ध्या तासाने ती एकदम म्हणाली, पाय गार पडले. भाभीने हात लावला तर तळपाय बर्फासारखे. बाहेर अडतीस डिग्री, स्वयंपाकघरात एसी नाही. भाभीने घरातल्या मशीनवर शुगर तपासली. नॉर्मल. मी फोनवर सांगितलं की वय झालंय, डॉक्टरकडे ने. आणि मीटिंगला गेले.

शुक्रवारी कॉलवर मालक त्याच स्वयंपाकघरात बसले होते. उंच, वाकलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेला. ते त्यांच्या भाषेत बोलत होते आणि एजंट बाई आम्हाला इंग्रजीत सांगत होत्या. भाईने आभार मानले. मालक म्हणाले की आभार त्यांनीच मानायला हवेत, कारण आम्ही मुद्दाम आईला पाठवलं.

आम्ही हसलो. वाटलं, पत्राबद्दल बोलताहेत.

मालक म्हणाले, नाही, मंगळवारी. चर्चचे बाराचे टोले पडत होते. घरामागच्या ओल्या गवतातून एक बाई अनवाणी चालत आली. शेजाऱ्यांनीही तिला पाहिलं. मालकांनी दार उघडलं, बसवलं, कॉफी दिली. तिने ती घेतली नाही. भाषा दोघांना एकमेकांची येत नव्हती, पण तिने खालची खोली बघितली, नळ सोडून बघितला. मग तिने टेबल पुसलं. हे सांगताना त्या म्हाताऱ्या माणसाने एक गोष्ट केली. खांद्यावर पदर असल्यासारखं ओढलं, टोक दातांत धरलं आणि टेबल पुसण्याची नक्कल केली.

काम करताना अम्मी ओढणी अशीच दातांत धरते. वरच्या डाव्या बाजूच्या दातांत. त्यांनीही डावीकडेच धरलं होतं.

"आणि तिने खुर्ची फिरवली," मालक म्हणाले. फोन वळवून त्यांनी आम्हाला दाखवलं. खुर्चीची पाठ आता खिडकीकडे होती आणि तोंड घराच्या आत. ती अशी बसली थोडा वेळ आणि गेली, ते म्हणाले. त्यांनी खुर्ची परत फिरवलेली नव्हती.

एजंट बाईंना फक्त आनंद झाला होता. म्हणजे आई हॉलंडमध्येच आहेत, मग व्हिसाचंही झालं म्हणायचं? भाईचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तो म्हणाला, "येस. शी वॉज व्हिजिटिंग."

मीही ते खोटं चालू दिलं. तिसऱ्यांदा.

तेवढ्यात अलिना अम्मीला हाताला धरून घेऊन आली. स्क्रीनवर अम्मीला बघून मालक उठून उभे राहिले, हात हलवला. आणि अम्मीने - जिला व्हिडिओ कॉलवर कुठे बघायचं ते अजून कळत नाही - ओळखीच्या माणसाला करतात तसा हात वर केला.

"बरे हाव ना?" तिने त्यांना विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला सांग, कडू होती म्हणून ठेवली. राग धरू नको म्हणावं."

कॉल संपल्यावर भाई गाडीची किल्ली घेऊन निघून गेला. भाभी अलिनाला घेऊन आत गेली. मी काय केलं माहितेय? भाईच्या कपाटातून अम्मीचा पासपोर्ट काढला आणि एकेक पान उलटून शिक्का शोधला. आयुष्यभर शिकलेली विवेकबुद्धी तेवढ्याच कामाची उरली होती. शिक्का नव्हता, अर्थातच.

अम्मी दारात उभी राहून बघत होती.

"काय शोधतेस?"

मी विचारलं, "अम्मी, तू तिथे गेली होतीस?"

"बसले होते, मग तिथं होते," ती म्हणाली. कशी, ते तिला सांगता येईना, किंवा सांगायचं नव्हतं. बाहेर बघायला काय होतं तिथं, मेंढरं, म्हणून खुर्ची फिरवली. आत माणूस तरी होता. खालच्या खोलीत म्हाताऱ्याने दोन खोकी ठेवलीत, भिंतीला ओल आहे, भाईला सांग. हे सगळं ती बाजारातून आल्यासारखं सांगत होती. मग पलंगावर बसली.

"तिकिटाचं मना पहिल्यापासून ठाऊक हाय. नाझनीन फोनवर बोलत होती, ऐकलं मी. त्याचं काय नाय. पोरांना आपला संसार असतो. पण त्या एकट्या माणसाला तू खोटं का लिहिलंस गो?"

मी पासपोर्ट मिटून कपाटात परत ठेवला.

"तुझ्या बापाने जन्मात खोटं छापलं नाय," ती म्हणाली. "तुझा शब्द खोटा पडू नये म्हणून मी जाऊन बसून आले. आता झाला ना खरा?"

मी रडले, वगैरे. ते लिहिण्यासारखं नाही. मी म्हणाले, अल् खुवैरला चल, मी वेगळा फ्लॅट घेते, व्हिसाचं बघते. तिने मान हलवली. म्हणाली, "नको. आता बोलवतेस ती लाजेने बोलवतेस. मना गावाकडं सोड."

जूनमध्ये तिला मस्कतच्या एअरपोर्टवर मीच सोडलं. भाई, भाभी आणि अलिना जुलैत हॉलंडला गेले. भाई या विषयावर बोलत नाही. खालच्या खोलीच्या भिंतीला ओल होती एवढं भाभीने एकदा सांगितलं.

स्पष्टीकरणं मी सगळी तपासली आहेत, तुम्ही सांगायची गरज नाही. त्या गावात दुसरं भारतीय कुटुंब आहे का - नाही. अम्मीने कॉलवर खुर्ची पाहिली होती - हो, पण ओल आणि खोकी नव्हती पाहिली. मालकांना भास झाला - मग शेजाऱ्यांना? आणि दातांतली ओढणी? माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल असंही वाटत नाही.

ऑगस्टमध्ये मी मालकांना दुसरं पत्र लिहिलं, एजंट बाईंमार्फत. सगळं खरं. आई कधीच येणार नव्हती, तिचं तिकीट आधीच काढलं होतं, पत्र मी लिहिलं होतं, माझ्या भावाने नाही. भाईला न सांगता पाठवलं. वाटलं होतं, निदान शिव्या तरी मिळतील.

आठ दिवसांनी एजंट बाईंचं उत्तर आलं. त्यांनी ते पत्र मालकांना दोनदा वाचून दाखवलं होतं. त्यात खोटं काय आहे ते मालकांना समजलं नाही. आई येऊन बसली होती, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की आई पुन्हा कधी येणार आहेत, आणि या वेळी तरी त्यांच्यासाठी चप्पल कुणी देणार आहे का.

तो मेल अजून माझ्या इनबॉक्समध्ये आहे. उत्तर दिलेलं नाही.