चुका काढा म्हणे!

बागेची स्पर्धा घेणाऱ्याला नीट बोलता यावं, एवढी तरी अट असायला हवी की नको? चौऱ्याहत्तर साली नागपुरात आमच्या कारखान्याच्या कॉलनीत ती नव्हती. म्हणून वच्छलाबाईंचा आंबट चुका गेला.

वच्छलाबाई शेजारच्या क्वार्टरमधल्या, नवरा फिटर. भिवापूरच्या माहेराहून आणलेलं चुक्याचं बी त्यांनी मोरीच्या पाण्यावर वाढवलं होतं. बाहेरची पानं खुडायची, मधला कोंब राखायचा, की वाफा पुन्हा भरतो. अर्ध्या कॉलनीचं आंबट वरण त्यावर चाले. पण बाईंना हवा होता स्पर्धेतला नंबर. लोक त्यांच्या बागेला ‘वावर’ म्हणून हिणवत, ते त्यांना फार लागायचं.

पाहणीला आली मोठ्या साहेबांची बायको प्रेमलता, पुण्याकडची. पाच मिनिटं फिरली आणि म्हणाली, “छान आहे हो! फक्त चुका काढून टाका. रविवारी पुन्हा येऊ, मग नंबर देऊ.”

आणि आमच्या शहाण्या वच्छलाबाईंनी त्याच संध्याकाळी सगळा वाफा मुळासकट उपटला! मी भिंतीवरून ओरडले, “अहो, वेड लागलं का?”

“मॅडमनंच सांगतलं वं बाई. फुलाच्या बागेत भाजी चालत नसन.”

रविवारी कुणी फिरकलं नाही. नंबर गेला साहेबांच्याच बंगल्याला, जिथे कारखान्याचा माळी राबतो! वर बक्षीस समारंभात प्रेमलताबाई विचारते, “अहो, येताना पाहिलं, तुमचा चुका कुठे गेला? मी जुडी मागणार होते.”

“तुमीच तं म्हटलं, चुका काढून टाका मनून!”

“अय्या! कडेच्या विटा वाकड्या होत्या ना, त्या चुका म्हणत होते मी.”

मंडप हसला. सगळ्यात जास्त तीच हसली. वच्छलाबाई हसल्या नाहीत.

“विटा वाकड्या होत्या तं विटा म्हना नं! तोंडात काय गुलाब धरला होता?”

माफी? छे. ‘गंमत झाली’ म्हणे! हिवाळाभर जपलेला वाफा उकिरड्यावर गेला, ही गंमत?

पुढच्या हिवाळ्यात माहेराहून नवं बी आलं आणि चुका पुन्हा तरारला. पाहणीवाले आले, तर वच्छलाबाई फाटकातच आडव्या उभ्या.

“नंबर नाई पायजे मले. इथं काई तपासू नका. भाजी पायजे तं मागा.”

प्रेमलताबाईने खरंच मागितली! वच्छलाबाईंनी जुडी खुडून दिली. मी असते तर दिली नसती.