डाळिंबाचा धूर

माझे जुने मित्र अर्जुनराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत दुकानाचं शटर वर करत होतो. पळसदेवला पोहोचेपर्यंत सगळं आवरत आलं होतं. परसात त्यांची तीन दगडांची चूल थंड पडली होती आणि भिंतीला डाळिंबाची लाकडं टेकून उभी होती, अजून ओलसर. माझ्या मनात पहिला विचार आला तो वेडाच... आता डाळिंबाच्या धुराचं काय?

चूल परसात होती, कारण वहिनी माळकरी. मटणाची भांडी, तवा, सगळं घराबाहेर. त्या चुलीपाशी वहिनी कधी फिरकल्या नाहीत. दुसरा नवरा कुरकुरला असता, अर्जुनरावांनी मात्र तिथंच आपलं खूळ मांडलं. निखाऱ्यांवर तारेनं कोंबडी टांगायची, वर मोठं घमेलं उपडं घालायचं आणि दर वेळी लाकूड बदलून बघायचं. बाभळीचा धूर राकट. आंब्याचा गोडसर. पेरूचा सगळ्यात मायाळू, म्हणून छाटणीच्या दिवसांत ते गावभर पेरूच्या फांद्या मागत फिरायचे. एकदा औषधी म्हणून कडुनिंब जाळला, तर ती कोंबडी दारच्या कुत्र्यानंही हुंगून सोडून दिली.

मी थट्टा करायचो, "अहो, कोंबडी ती कोंबडी. मसाला चांगला असला म्हणजे झालं."

"जीभ दुकानात ठिवून आलाय व्हय?" असं म्हणून ते घराकडे तोंड करून ओरडायचे, "अगं, आज काय जाळलंय?"

आतून वहिनींचा आवाज यायचा, "चिंच हाय."

कधी चुकल्या नाहीत. आयुष्यात मांसाचा तुकडा तोंडात न घातलेली ही बाई, आणि अर्जुनरावांचा सगळा भरवसा तिच्या नाकावर!

आजारपणात त्यांची चव गेली. वासही कळेना. शेवटच्या भेटीत त्यांनी मला ही लाकडं दाखवली. शेजाऱ्यानं डाळिंबाची बाग काढली होती, तिथून आणलेली.

"ओली हायेत. आत्ता जाळली तर नुस्तं डोळं झोंबत्याल. सुकू द्या. मला काय कळायचं न्हाय, पर तुमी खा, ती वास घेईल, आन् दोघं मिळून मला सांगा."

एवढ्या दुखण्यातही त्यांना त्या धुराचीच उत्सुकता होती. 

गेल्या रविवारी वहिनींचाच फोन आला, "भाऊजी, लाकडं वाळली. कोंबडी घिऊन या."

मी चूल पेटवली, घमेलं उपडं घातलं. वहिनी उंबऱ्यावर बसल्या. मी पहिला घास नेहमीसारखा घाईत गिळला, दुसरा मात्र सावकाश चावला आणि इतक्या वर्षांत प्रथमच मला फरक कळला. पेरूसारखाच, पण शेवटी जिभेवर काहीतरी राहत होतं. मी वळलो, तोवर वहिनीच म्हणाल्या, "पेरूच्या जवळचा हाय. पर तुरट."

"अगदी तेच!" मी ओरडलोच. आम्ही दोघंही हसलो आणि सवयीनं चुलीशेजारच्या अर्जुनरावांच्या पाटाकडे पाहिलं.

वहिनी उठल्या. पदर नाकाला न लावता परसात उतरल्या, त्या चुलीपाशी आल्या आणि रिकाम्या पाटाकडे बघून, पलीकडच्या रानातल्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्यानं म्हणाल्या,

"अहो... तुरट हाय!"