चहा न मिळणारा पाहुणा

पुण्याच्या स्टेशनवर उतरले आणि सगळ्यांत आधी स्वतःची नाडी पाहिली. तुम्ही अकोलेकर हसाल, पण गेली दोन वर्षं माझा प्रत्येक प्रवास असाच सुरू होतो. गर्दी दिसली, आवाज वाढला की छाती धडधडायला लागते आणि एक विचार डोक्यात ठाण मांडतो, आता इथंच आपलं काहीतरी होणार. डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचं लिहून दिलं आहे. त्या विचाराला बहुधा वाचता येत नसावं. लग्नकार्यं सुटली, बाजार सुटला, यांना सोबत घेतल्याशिवाय मी चौकही ओलांडेनाशी झाले.

तरी या वेळी एकटी निघाले, कारण लेकीनं बोलावलं होतं. ऋतुजा पुण्यात शिकते आणि एका पथकात (ढोल-ताशा वाजवणाऱ्यांच्या चमूत) ढोल वाजवते. गेल्या वर्षी मी येते म्हणाले आणि गेलेच नाही. यंदा गणपती तोंडावर आल्यावर तिचा फोन आला. "मिरवणुकीला नको येऊस, आई. फक्त सरावाला ये. एकदा." या वर्षीही गेले नाही, तर पुढच्या वर्षी ती विचारणारच नाही, हे मला कळत होतं.

स्टेशनवरून रिक्षा केली. लक्ष्मी रस्त्याला मखरं, माळा आणि माणसं यांची अशी दाटी होती की रिक्षा जागची हलेना. मग व्हायचं तेच झालं. छाती धडधडू लागली, हात गार पडले. मी तिथंच उतरले आणि बॅग ओढत गल्लीत शिरून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. वर पाटी होती : 'पायरी बसण्यासाठी नाही. बसलाच असाल तर दुकान उघडेपर्यंत उठावे.' पुण्यानं माझं स्वागत असं केलं. हसू आलं, पण रडूही जवळच होतं.

ऋतुजा नारायण पेठेत सुमनताईंच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत राहते. सुमनताई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, एकट्या. धडधड जरा ओसरल्यावर पत्ता विचारत मी तिथं पोचले. दार उघडून त्यांनी माझ्याकडे आणि मग बॅगेकडे पाहिलं. "दोनच दिवस राहणार ना आपण? मग यात काय आहे?" ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं, असं मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग या आत."

जेवताना मी ठेचा वाढला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी आणखी एक चमचा घेतला. त्यांची आमटी इतकी गोड होती, की मी तिच्यात हळूच ठेचा कालवला. ऋतुजा कॉलेजला गेली होती. भाजी निवडता निवडता मी त्यांना सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगणं कधी कधी सोपं जातं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेही रोज तिन्हीसांजेला एक विचार येतो, मी न्हाणीघरात पडेन आणि कुणाला कळणारही नाही. आधी त्या त्याच्याशी भांडायच्या, देवाचं नाव घ्यायच्या, टीव्ही मोठ्यानं लावायच्या.

"हाकललं, की दारात उभे राहून तमाशा करतात," सुमनताई म्हणाल्या. "आता मी म्हणते, आलात का आपण? बसा. चहा मिळणार नाही."

"मग जातो?"

"कधी जातो. कधी मुक्काम ठोकतो. ठोकू दे. अहो, विचार म्हणजे काय आकाशवाणी आहे, खरी व्हायलाच हवी? माझी भाजी निवडायची राहत नाही, एवढं मी बघते."

संध्याकाळी लेकीच्या मागं मागं मी नदीपात्रात गेले. पत्र्याच्या शेडसमोर मोकळी जागा, कडेनं बघ्यांची गर्दी. मुलंमुली कमरेला ढोल बांधून रांगेत उभी होती. माझी पोर, जिला साधा मिक्सरचा आवाज सहन व्हायचा नाही, ती हातात टिपरू (ढोलाची काठी) घेऊन मधल्या रांगेत ताठ उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. आई आहे ना, एवढंच पाहिलं.

आधी ताशा कडाडला. मग सगळे ढोल एकदम बोलले.

तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो जमिनीतून तळपायांत शिरला, गुडघ्यांतून वर चढला आणि छातीत घुमू लागला. आणि विचार आलाच, इथंच होणार. पाय आपोआप मागं वळले. दोन-चार माणसांना ढकलून मी गर्दीच्या कडेपर्यंत आलेही. तिथं सुमनताई आठवल्या. म्हटलं, आलात? बसा. पण पुढचं काही तोंडातून निघेना. आमच्या वऱ्हाडात आलेल्याला चहा नाही म्हणायचं म्हणजे सात पिढ्यांची नाचक्की. मग मनातल्या मनात म्हटलं, आलाच आहात, तर थांबा. माझी लेक वाजवते आहे. ऐकून जा.

मी परत वळले आणि पुढं जाऊन उभी राहिले.

छाती धडधडतच होती. फक्त त्यातली माझी धडधड कोणती आणि ढोलाची कोणती, ते मला ओळखता येईना. शेजारी बाळाला कडेवर घेतलेल्या बाईची छाती, माझी छाती, सगळी नदी एकाच ठेक्यावर हलत होती. ज्या धडधडीला मी दोन वर्षं घाबरून होते, तिच्यासाठी ही एवढी माणसं मुद्दाम आली होती. मी थक्क होऊन पाहत राहिले. विचार गेला नव्हता, इथंच कुठंतरी होता. ढोल थांबले तेव्हा माझे गाल ओले होते आणि ऋतुजा घामानं निथळत माझ्यासमोर उभी होती.

"थांबलीस," ती म्हणाली.

"थांबलो, दोघंही," मी म्हटलं. ते तिला कळलं नाही. घरी जाताना सांगितलं, तेव्हा ती भर रस्त्यात हसत सुटली.

निघताना सुमनताईंनी ठेच्याचा डबा रिकामा करून, घासून परत दिला. पुन्हा या, असं काही म्हणाल्या नाहीत. "पुढच्या वेळी तिखट जरा कमी घाला," एवढंच म्हणाल्या.

अकोल्याच्या स्टेशनवर हे घ्यायला आले होते. चेहरा काळजीनं उतरलेला. त्यांनी विचारलं, "आला होता का गं तो विचार?" म्हटलं, आला होता. जातानाही होता, येतानाही सोबतच आहे. ते आणखीच घाबरले. मीही घाबरले असते, चार दिवसांपूर्वी. पुण्यात बरी होऊन आले, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्याला घेऊन एवढ्या लांब जाता येतं आणि ढोलही ऐकता येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

घरी पोचल्यावर हातपाय धुऊन चहा ठेवला. तो आलाच स्वयंपाकघरात मागोमाग. मी बसू दिलं. आणि चहा दोघांपुरताच टाकला, यांना आणि मला.