दुसरा कॉम्प्रेसर

साकीनाक्याच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरची थंड खोली होती आणि तळाला पत्रा कापणाऱ्या प्रेसचे गाळे. मी तिथे विजेची इंजिनिअर होते. गच्चीवर, टाकीच्या सावलीत, मी एक थर्मामीटर टांगला होता. बाहेर चौतीस अंशांपर्यंत खोली थंड ठेवायला गच्चीवरच्या एसीचा एक कॉम्प्रेसर पुरायचा. पारा त्यावर गेला की दुसराही सुरू व्हायचा, जुन्या केबलला भार झेपायचा नाही आणि सगळ्या इमारतीचा मेन स्विच पडायचा.

इमारतीच्या मालकांना मी सांगितलं होतं, गाळ्यांना वेगळी केबल टाका, नाहीतर भर दुपारी दुसरा कॉम्प्रेसर बंद ठेवू या. खाली घटकाभर वीज गेली तर कोण मरतंय, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

ऑक्टोबरातल्या एका रणरणत्या दुपारी स्विच पडला. खाली एका कामगाराने अडकलेला तुकडा काढायला बंद प्रेसमध्ये हात घातला. तेवढ्यात वॉचमनने स्विच वर केला. ती किंकाळी मला गच्चीवर ऐकू आली.

त्याचा थोरला भाऊ शेजारच्याच मशीनवर होता. मालवणकडचा, एरवी जिन्यात मला वाट देणारा. तो पहार घेऊन गच्चीवर आला. अंगावर धाकट्याचं रक्त होतं. त्याने कॉम्प्रेसरवर घाव घातले, पाइप फुटून गॅस फसफसत सुटला. आवाज ऐकून मालक धावत आले, तर त्यांना भिंतीशी दाबून त्याने तोंडावर ठोसे मारले. मी मध्ये पडले. त्याचं कोपर लागून माझा पुढचा दात तुटला.

मला बघून तो थांबला. धापा टाकत त्याने विचारलं, "तुका म्हायत होतां?"

"हो," मी म्हटलं. "आणि यांनाही. मीच सांगितलं होतं."

मालक ओठ पुसत माझ्याकडे बघत राहिले.

मालकांनी थोरल्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली, तेव्हा चौकीतही मी तेच बोलले. केबलचं प्रकरण कोर्टात जाईल हे कळल्यावर मालकांनी तक्रार मागे घेतली आणि पुढच्या आठवड्यात मला कामावरून काढलं. घरी बसावं लागलं, पण रडू आलं नाही. जिभेला दाताची ती रिकामी जागा लागली की नुसता राग यायचा.

गाळ्यांना वेगळी केबल दिवाळीआधी टाकली गेली. धाकट्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. पुढे घाटकोपरच्या बाजारात तो भेटला, डाव्या हाताने नारळ फोडत होता. दुकान स्वतःचंच, म्हणाला.