वसंताचा आंबा

फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. "ताई, हे उठत नाहीत हो..." माझी भावजय सुमन म्हणाली. मी "आले" म्हटलं, उरलेली भेंडी चिरून संपवली आणि मग एव्हरशाईनमधल्या आमच्या फ्लॅटवरून रिक्षाने माहेरच्या वाडीत गेले. का चिरली, देव जाणे. वसंता जाऊन महिना होऊन गेला, धाकट्या भावासाठी अजून डोळ्यांतून टिपूस नाही.

वसंताची चिकू-आंब्याची वाडी. काही वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एक बाई आल्या. झाडांचा घेर मोजून, झाडांनी हवेतला किती कार्बन खोडात साठवलाय ते त्या काढायच्या. झालं! तेव्हापासून स्वारी येईल त्याला झाडं दाखवत सुटली. मी चिडवायची, "मेल्या, चिकू कसले विकतोस, आता हवाच विक." तो हसायचा. मोठ्या आंब्यापाशी मात्र एकदा गंभीर झाला. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्याच वाडीतला आंबा सरणासाठी तोडतात. "ताई, माझ्या वेळी हा तोडू देऊ नकोस. आज्याने लावलाय. इतकी वर्षं हवेतला धूर पोटात धरून बसलाय, तो काय एका दुपारीत सोडायचा? मला विजेच्या दाहिनीत न्या. सुमनला बोलणं जमणार नाही. तू खमकी आहेस."

"बरं बाबा," मी म्हटलं.

खमकी! त्या दिवशी मंडळी करवत घेऊन आली. "ताई, मोठा आंबा घेऊ ना?" चुलतभावाने विचारलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वसंताचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवत होतं... आणि मी "घ्या" म्हणाले. लाज वाटते, एवढं खरं.

मागच्या आठवड्यात बाई मोजणीला आल्या. वसंताचं त्यांना कळलं होतं, आंब्याचं नव्हतं. टेपचं दुसरं टोक दरवर्षी तो धरायचा, खोडाला गाल लावून. या वेळी मी धरलं. साल गालाला खरखरीत लागली. चिकू झाले, फणस झाला, आणि आम्ही त्या बुंध्यापाशी आलो. बाई थबकल्या.

"लाकडाचं काय झालं ते लिहावं लागतं," त्या हळूच म्हणाल्या. "दारं-खिडक्या केल्या असतील तर कार्बन त्यातच राहतो. जाळलं असेल तर... गेला."

पेन कागदावर थांबलं होतं.

"गेला," मी म्हटलं. "गेला म्हणून लिहा."