मुकादमाचं पाऊल

डिप्लोमा करून मी विरारच्या एका ठेकेदाराकडे लागलो, तेव्हा बोळिंजला इमारती नुकत्या उठू लागल्या होत्या. रस्त्याला डांबर किती लागेल, हे आमचे म्हातारे मुकादम पावलं टाकून ठरवत. एक पाऊल म्हणजे अडीच फूट. लांबी निघाली की रुंदी-जाडीचा हिशेब तोंडी, आणि लगेच गाड्यांचा आकडा. तो कधी चुकला नव्हता म्हणे. मी टेप काढली की ते मजुरांसमोर विचारायचे, "साहेब, ब्लाउज शिवायचाय काय?" मला तो माणूस डोळ्यांसमोर नकोसा झाला होता.

त्या पावसाळ्यात त्यांचा गुडघा धरला. पाऊल दोन फुटांवर आलं. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, माझ्या आलं. पावलं जास्त भरली की रस्ता हिशेबात लांबतो. दिवाळीनंतरच्या पहिल्याच कामाला अर्धी गाडी माल उरला. शेठ म्हणाले, "पुन्हा उरला तर घरी बसायचं." मुकादमांच्या घरात मिळवणारे ते एकटेच.

पुढचं काम निर्मळच्या एका गल्लीचं. त्यांनी हिशेबाने पाच गाड्या काढल्या, मी टेपने चार. धास्तीने ते पहिल्यांदाच माझ्याजवळ आले. "तुमची टेप काय बोलते?"

"पाचच," मी म्हणालो.

चौथ्या गाडीतच गल्ली संपली. पाचवी वाफा सोडत उभी राहिली. असा माल ठेवता येत नाही, गार झाला की दगड. शेठनी तो खड्ड्यात ओतायला लावला आणि सगळ्यांदेखत त्यांना हाकललं. खोटं कशाला बोलू, मला मजा आली.

संध्याकाळी मुकादम म्हणाले, "टेप धरा. गल्ली मोजू." मी गल्ली मोजलीच नाही. त्यांना दहा पावलं चालवलं आणि आकडा वाचून दाखवला. वीस फूट. ते आपल्या पायाकडे बघत राहिले.

"तुमाला म्हाईत होतं?"

"पावसाळ्यापासून."

मला वाटलं, आता शिवी देतील. त्यांनी हात जोडले. "गुडघ्याचं कोनाला सांगू नका. दुसरीकडं तरी कामाला घेतील."

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी त्यांची चाल करून दाखवली. मजूर पोट धरून हसले. वसईच्या दुसऱ्या एका ठेकेदाराचा माणूस चहा पीत होता, तोही हसला.